परदेशवारीआधीच्या लशी, औषधं आणि कागद: मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

परदेशी सहल ठरली की घरात चर्चा होते ती व्हिसाची, बॅगांची आणि डॉलर-युरोच्या भावाची. लशीचा विषय निघतो तो निघायला आठवडा उरल्यावर, तोही टूरवाल्यांनी विचारलं म्हणून. तोवर उशीर झालेला असतो. पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, कावीळ-बी च्या नेहमीच्या तीन डोसांना सहा महिने लागतात, आणि साध्या फ्लूच्या लशीचा परिणाम दिसायलाही दोन आठवडे जावे लागतात. म्हणून तिकीट पक्कं झालं की त्याच आठवड्यात, निदान निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी, आपल्या नेहमीच्या फिजिशियनना भेटा. जाताना कागदावर लिहून न्या: कोणकोणते देश (विमान जिथे बदलायचं तो देशसुद्धा), किती दिवस, मुक्काम शहरात की जंगल-डोंगरात, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या.

इंटरनेटवर सापडणाऱ्या बहुतेक याद्या युरोप-अमेरिकेतून आपल्याकडे येणाऱ्या लोकांसाठी लिहिलेल्या असतात. टायफॉइड, कावीळ-ए, रेबीज हे त्यांच्यासाठी प्रवासातले धोके; आपण त्यांच्यातच राहतो. आडाचं, विहिरीचं, टँकरचं पाणी पिऊन मोठ्या झालेल्या पन्नाशी-साठीच्या माणसाला कावीळ-ए बहुधा लहानपणीच होऊन गेलेली असते, अनेकदा कुणाच्या लक्षातही न येता. शंका असेल तर रक्तातली प्रतिपिंडं तपासता येतात. ती असतील तर त्या लशीचे पैसे वाचले. उलट जन्मापासून आरओचं पाणी प्यायलेल्या शहरातल्या मुलांना आणि तरुणांना ही लस खरोखर उपयोगी पडते. एकाच घरातून चार जण निघाले तरी चौघांची यादी वेगळी होते, ती अशी.

पिवळा ताप: विचारणारा देश आपलाच

सक्तीच्या लशींमध्ये सर्वाधिक घोळ हिच्यावरून होतो. केनिया, युगांडा, इथिओपिया, घाना, नायजेरिया, ब्राझील, पेरू अशा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांत पिवळ्या तापाचा धोका आहे. हा आजार डासांमुळे पसरतो. भारतात हा विषाणू नाही, पण तो पसरवू शकणारा एडिस डास गल्लोगल्ली आहे. त्यामुळे भारत सरकार या लशीबाबत फार कडक आहे. केनियाच्या विमानतळावर भारतातून थेट आलेल्या पर्यटकाला कदाचित कुणी कार्ड विचारणारही नाही, कारण भारत धोक्याच्या यादीत नाही. विचारलं जातं ते परत येताना मुंबईला. कार्ड नसेल, किंवा टोचून दहा दिवस झालेले नसतील, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आहे आणि तो वापरला जातो.

विमान कुठे बदलतं तेही पाहायला हवं. दक्षिण आफ्रिका यादीत नाही, पण तिथलं स्वस्त तिकीट अनेकदा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतं. तिथे विमानतळाबाहेर पाऊल टाकलं, एक रात्र हॉटेलात काढली, की तुम्ही यादीतल्या देशात जाऊन आल्यासारखे धरले जाता. विमानतळाच्या आतच थांबलात तर सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या निर्णयावर असते. दक्षिण आफ्रिकेचेही ट्रान्झिटचे स्वतःचे नियम आहेत. दुबई, दोहामार्गे तिकीट घेतलं की हा प्रश्नच उरत नाही.

ही लस गावातल्या दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रांतच ती टोचतात आणि तिथलंच प्रमाणपत्र चालतं. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनेची केंद्रं आहेत. नांदेड, हिंगोली, परभणीकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं. तिथे नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये हे केंद्र आहे. इतर केंद्रांची चालू यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. लशीची एक कुपी अनेकांसाठी असते आणि उघडल्यावर काही तासांत संपवावी लागते, म्हणून बहुतेक केंद्रं ठरावीक दिवशी, आधी नाव नोंदवलेल्यांनाच बोलावतात. वेळ न घेता रात्रीच्या गाडीने गेलात तर तसंच परत यावं लागेल. व्हिसाच्या बोटांच्या ठशांसाठी मुंबईला जायचं असेल तर दोन्ही कामं एकाच फेरीत बसवा. फक्त मूळ पासपोर्ट व्हिसासाठी जमा करायच्या आधी लस टोचून घ्या, कारण केंद्रावर तो दाखवावा लागतो.

टोचल्यावर पिवळं कार्ड हातात येईल तेव्हा खिडकीपासून हलू नका. नाव पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न् अक्षर हवं. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, लशीचा बॅच नंबर, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का आणि तुमची स्वतःची सही, हे सगळं तिथेच तपासा. तारखेत महिना आकड्यात नव्हे, अक्षरात लिहिलेला असावा. खाडाखोड झालेलं कार्ड अवैध धरतात, म्हणून चूक दिसली तर दुरुस्ती न करता नवं कार्ड मागा. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी वैध आहे. कुणाकडे जुनं, दहा वर्षांची मुदत लिहिलेलं कार्ड असेल तर तेही चालतं. पासपोर्ट नवा केला तर जुन्या पासपोर्टची प्रत कार्डासोबत ठेवा.

ही जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देत नाहीत. अंड्याची तीव्र ॲलर्जी, कर्करोगाचे उपचार, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा मोठ्या मात्रेतली स्टेरॉइड, थायमस ग्रंथीचा आजार, गरोदरपण, यांतलं काही असेल तर रांगेत उभं राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामाची शक्यता थोडी वाढते. लस देता येत नसल्याचं वैद्यकीय सूट-पत्र मिळतं, पण ते दाखवल्यावर आत घ्यायचं की नाही हे समोरच्या देशाच्या हातात असतं. सत्तरीच्या, आजार असलेल्या आई-वडिलांना जंगल सफारी दाखवायचीच असेल तर केनियाऐवजी दक्षिण आफ्रिका निवडावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हज आणि उमरा

हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंगोकोकल ए-सी-वाय-डब्ल्यू प्रकारची लस सक्तीची आहे. सौदीत पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी ती घेतलेली हवी. लशीचा प्रकार कॉन्जुगेट असेल तर प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, पॉलिसॅकराइड असेल तर तीन, म्हणून कार्डावर प्रकार लिहून घ्या. तो लिहिलेला नसेल तर तीनच वर्षं धरली जाण्याची शक्यता असते. हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी लसीकरण शिबिरं होतात आणि तिथे पोलिओचे थेंबही पाजतात. खासगी टूरने उमऱ्याला जाणाऱ्यांना मात्र स्वतःच सोय करावी लागते. उमऱ्याचे नियम मध्येच बदलतात, तरीही इतक्या दाटीच्या जागी जायचं तर लस घेऊनच जावं. सोबत फ्लूची लस घ्यावी. तिथून परतणाऱ्यांत खोकला आणि छातीचा संसर्ग नेहमीचा असतो.

उन्हाबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडचा मे महिना पाहिलेल्या माणसाला वाटतं, ऊन काय नवीन आहे. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या पुढे गेला आणि १३०० हून अधिक यात्रेकरूंचे मृत्यू झाले. आपण दुपारी बारा ते चार सावलीत असतो. तिथे त्याच वेळेत मैलोन्‌मैल चालणं होतं. छत्री, पाण्याची बाटली, ओआरएसची पाकिटं अंगावरच हवीत. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्या दिवसांत तिची मात्रा बदलायची का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

बाकीच्या लशी

धनुर्वाताचा बूस्टर दर दहा वर्षांनी लागतो आणि बहुतेक मोठ्यांना शेवटचा कधी घेतला ते आठवत नाही. आठवत नसेल तर घ्याच. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिका-इंग्लंडला निघालेल्या आजी-आजोबांनी साध्या टीटीऐवजी टीडॅप घ्यावी. तिच्यात डांग्या खोकल्यापासूनही संरक्षण असतं आणि नवजात बाळाला तो फार घातक. तिकडचे बालरोगतज्ज्ञ आजी-आजोबांकडे टीडॅप आणि फ्लू या दोन्ही लशींबद्दल आवर्जून विचारतात. बाळाला भेटण्याच्या दोन आठवडे आधी त्या टोचलेल्या असाव्यात.

फ्लूची लस साठीच्या पुढचे, मधुमेही, दमेकरी यांनी दरवर्षी घ्यावी. विमान, क्रूझ आणि टूरची बस ही फ्लू पसरण्याची हमखास ठिकाणं. पासष्टीनंतर किंवा मधुमेह असल्यास न्यूमोनियाच्या लशीचंही विचारा. गोवराचे दोन डोस पूर्ण नसलेल्या मुलांना निघण्याआधी ते पूर्ण करा. मुलाचं लसीकरण कार्ड हरवलं असेल तर जिथे डोस दिले त्या आरोग्य केंद्राच्या किंवा दवाखान्याच्या नोंदवहीतून नोंद काढून मिळते का पाहा.

एक नियम पक्का लक्षात ठेवा. टोचायच्या दोन जिवंत लशी, उदाहरणार्थ पिवळा ताप, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, एकाच दिवशी घ्याव्या लागतात, नाहीतर मध्ये किमान २८ दिवस जाऊ द्यावे लागतात. आज एक आणि दहा दिवसांनी दुसरी, असं केलं तर दुसरीचा परिणाम कमी होतो. निर्जीव लशींना हे बंधन नाही. कावीळ-बी साठी वेळच उरला नसेल तर ०, ७ आणि २१ व्या दिवशी असा जलद क्रम असतो, पण मग वर्षाने चौथा डोस घ्यावाच लागतो.

थायलंड-व्हिएतनामच्या आठवड्याभराच्या सहलीला जपानी मेंदूज्वराची लस बहुतेकांना लागत नाही. भातशेतीच्या भागात महिनाभर राहणार असाल तर प्रश्न वेगळा. पाकिस्तान, अफगाणिस्तानसारख्या पोलिओ असलेल्या देशांत जायचं असेल तर निघण्याच्या किमान चार आठवडे आधी पोलिओचा डोस आणि त्याचं प्रमाणपत्र लागतं, मोठ्यांनासुद्धा.

लस कुठे टोचावी

तालुक्याच्या ठिकाणी मोठ्यांच्या लशी मेडिकलमध्ये तयार नसतात, मागवाव्या लागतात. त्यापेक्षा चालत्या दवाखान्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे विचारा. त्यांच्याकडे रोज लशी लागतात, फ्रिज फक्त लशींचा असतो आणि वीज गेली तर बॅकअप असतो. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. मेडिकलमधून कुपी घेऊन, मे महिन्यात दुचाकीच्या डिक्कीत टाकून, तीन दवाखाने फिरल्यावर ती टोचण्यात अर्थ नाही. बर्फाला चिकटून गोठल्या तर बऱ्याच लशी तितक्याच निकामी होतात. टीडॅप, कावीळ-बी यांसारख्या लशी एकदा गोठल्या की वितळल्यावर वरून नेहमीसारख्याच दिसतात, पण त्यांचा गुण गेलेला असतो.

काही कुप्यांवर एक छोटं वर्तुळ छापलेलं असतं आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेपासून सुरक्षित राहिली आहे. दोन्ही सारखेच गडद दिसले, किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर ती लस नको म्हणा. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. नाव, तारीख, बॅच नंबर, सही-शिक्का असलेली नोंद घ्या आणि मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा.

शुगर, बीपी आणि गोळ्यांची पिशवी

परदेशात आपल्याकडची माणसं आजारी पडतात ती बहुतेक वेळा दूरदेशीच्या रोगाने नव्हे, घरच्याच आजाराने. गोळी चुकली, बॅग हरवली, पायाला फोड आला, जेवणाची वेळ बदलल्याने शुगर उतरली. म्हणून लशींपेक्षा या तयारीला जास्त वेळ द्या.

निघण्याच्या महिनाभर आधी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्लोबिन, बीपी आणि ईसीजी करून घ्या. महिनाभर आधी अशासाठी की औषध बदलायची वेळ आली तर नवं औषध घरीच अंगवळणी पडावं. दातांचंही तेव्हाच पाहा. परदेशातला दंतोपचार फार महाग असतो आणि विम्यात तो जेमतेम धरलेला असतो.

गोळ्या संपूर्ण मुक्कामाच्या आणि वर पंधरा दिवसांच्या घ्या. मेडिकलवाल्याला स्ट्रिप कापू देऊ नका. सहा गोळ्या कापून घेतल्या की अनेकदा नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर जाते, आणि कस्टम्सच्या टेबलावर ती नाव नसलेली गोळी ठरते. पूर्ण स्ट्रिप, शक्यतो खोक्यासकट. आठवड्याच्या डबीत फक्त चालू आठवड्याच्या गोळ्या भरा. सोबत डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी हवी: पासपोर्टप्रमाणे नाव, आजार, प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव (म्हणजे ब्रँडचं नव्हे, त्यातल्या मूळ घटकाचं), मात्रा, दिवसाला किती, एकूण किती, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिकडच्या फार्मसीत कुणाला कळत नाही. जेनेरिक नाव जगभर चालतं. सगळ्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा आणि तीन-चार दिवसांचा वेगळा साठा सोबतच्या माणसाकडे द्या.

आता कोणती औषधं न्यायची नाहीत ते. आपल्याकडे गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी लिहून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडॉल असतं. संयुक्त अरब अमिराती आणि इजिप्तमध्ये ते नियंत्रित औषध आहे. परवानगीशिवाय सापडलं तर अटकेपर्यंत वेळ येते. झोपेच्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांचंही तसंच. लागतच असतील तर अमिरातीच्या सरकारी संकेतस्थळावर आधी अर्ज करून परवानगी घ्या, नाहीतर डॉक्टरांकडून पर्यायी औषध लिहून घ्या. जपानमध्ये नियम आणखी काटेकोर आहेत: एका महिन्यापेक्षा जास्त साठ्यासाठी आधी परवाना लागतो आणि स्यूडोएफेड्रिन जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या चालत नाहीत. तुमच्या स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. चष्मा लावून एकेक वाचा, किंवा मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

खसखससुद्धा याच यादीत येते. अमिराती, सौदी आणि सिंगापूरमध्ये तिला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. मुलीला द्यायला केलेले डिंकाचे लाडू, अनारसे, काळ्या मसाल्याचा डबा, यांपैकी कशातही खसखस असेल तर तो डबा घरीच ठेवा. या देशांसाठी लाडू करायचेच तर खसखस न घालता करा. वैद्यांनी दिलेल्या कागदी पुड्यांतली चूर्णं आणि भस्मं नेऊ नका. कारखान्याचं लेबल असलेलं सीलबंद औषधच न्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी घरापासून मुंबईपर्यंतचा पल्लाच उन्हाळ्यात अवघड. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. चालू असलेलं पेन किंवा कुपी बहुतेक प्रकारांत सुमारे महिनाभर घरातल्या तापमानात टिकते, पण घरातलं म्हणजे २५ ते ३० अंश, आपल्या मे महिन्यातलं ४२ नव्हे. लातूर किंवा बीडहून दुपारी निघणाऱ्या गाडीत बॅग खिडकीशी राहिली तर इन्सुलिनचा गुण जातो आणि शुगर का वाढतेय ते तिकडे गेल्यावर कळत नाही. रुंद तोंडाचा थर्मास घ्या, तळाला गोठवलेली जेलची पिशवी, तिच्यावर टॉवेलची दुहेरी घडी आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत इन्सुलिन. बर्फाला ते थेट टेकता कामा नये. बर्फाची सोय नसेल तर ओल्या सुती कापडात गुंडाळून हवा लागेल अशा ठिकाणी ठेवा. माठातल्या पाण्यासारखाच परिणाम होतो. विमानात ते सामानाच्या बॅगेत कधीही टाकू नका: तिथे गोठण्याची भीती, शिवाय बॅग मागे राहिली तर सगळंच गेलं. सुरक्षा तपासणीत ते बाहेर काढून, चिठ्ठी दाखवून सांगा; औषधाला १०० मिलीची मर्यादा नसते.

अमेरिकेकडे जाताना दिवस लांबतो, परत येताना आखडतो. इन्सुलिनची वेळ त्या दिवशी कशी सरकवायची याचा तक्ता डॉक्टरांकडून विमानाच्या वेळा दाखवून लिहून घ्या. स्वतःच्या अंदाजाने एक डोस जास्त घेतल्यामुळे विमानात शुगर उतरते. खिशात ग्लुकोज किंवा साखरेच्या पुड्या हव्यातच.

पाय: युरोपच्या टूरमध्ये दिवसाला दहा-बारा हजार पावलं सहज होतात, तीही दगडी फरशांवरून. नवे बूट निघण्याच्या चार आठवडे आधी घ्या आणि रोज घालून चाला. मधुमेहींनी रात्री तळपाय आरशात पाहायची सवय तेव्हापासूनच लावून घ्यावी.

उंचीवरचे टप्पे

स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर आहे आणि खालच्या इंटरलाकेनहून, सुमारे ५७० मीटरवरून, माणूस काही तासांत तिथे पोचतो. डोकं दुखणं, गरगरणं, धाप लागणं साहजिक आहे. सकाळी हलकं खाऊन, पाणी पीत, हळू चाला. धावत फोटो काढायला जाऊ नका. त्रास वाढला की खाली उतरणं हाच इलाज. नुकताच हृदयविकार होऊन गेलेले, दम लागणारे, आणि हिमोग्लोबिन फार कमी असलेले यांनी वर जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. रक्तक्षय आपल्याकडच्या बायकांत फार आढळतो आणि तो उंचीवर जास्त जाणवतो.

नेपाळमधलं मुक्तिनाथ साधारण ३७०० मीटरवर आहे. सुमारे ८०० मीटरवरच्या पोखऱ्याहून जीपने एका दमात जाण्यापेक्षा जोमसोमला एक रात्र काढा. डॉक्टरांनी सुचवलं तर उंचीचा त्रास टाळणारी ॲसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर चढण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं आधीच सांगा.

डास, कुत्री, माकडं, पोट

सफारीला जाणाऱ्यांना आफ्रिकेतल्या मलेरियाचा धोका गंभीर आहे आणि तिथे मलेरियाची जुनी गोळी, क्लोरोक्विन, चालत नाही. मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज एक, जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. किंवा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, परतल्यावर सात दिवसांपर्यंत. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासोबत घेऊन अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिका भाजते. शिवाय तिच्यामुळे ऊन लवकर बाधतं. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ती देत नाहीत.

थायलंड, बाली, सिंगापूरला डेंग्यू असतो आणि त्याचा डास दिवसा चावतो. २० ते ३० टक्के डीट किंवा पिकारिडिन असलेलं डास पळवणारं मलम आधी सनस्क्रीन लावून मग त्यावर लावा. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको.

बालीत २००८ पासून रेबीज आहे आणि तिथल्या उबुद गावात माकडं पर्यटकांच्या अगदी जवळ येतात. चावलं किंवा ओरखडलं तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, मग त्याच दिवशी लस. आपल्याकडे अनेकांनी कुत्रं चावल्यावर पूर्वी रेबीजचा पूर्ण कोर्स घेतलेला असतो. ते जुनं कार्ड शोधून सोबत न्या. आधीचा कोर्स पूर्ण असेल तर दोनच डोस लागतात, पहिल्या दिवशी आणि तीन दिवसांनी, आणि परदेशात मिळायला अवघड व महाग असलेलं इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) टळतं.

पोट बिघडलं तर ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. जुलाबात रक्त किंवा ताप असेल तर जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका, डॉक्टर गाठा.

विमा आणि विमान

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण व्हिसापुरती सर्वात स्वस्त पॉलिसी घेऊन थांबू नका. बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी, सगळं अर्जात लिहा. लपवलेला आजार हे दावा नाकारण्याचं सर्वात सोपं कारण असतं. आधीपासूनच्या आजारासाठी पॉलिसी नेमकं काय देते तो परिच्छेद वाचूनच पैसे भरा. मदतीचा फोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. दवाखान्यात भरती होण्याआधी किंवा झाल्याबरोबर तिथे कळवावं लागतं.

चार तासांपेक्षा लांबच्या विमानात दर तासा-दीड तासाने उठून चाला. मराठवाड्यातून निघणाऱ्याचं बसणं विमानाच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं: समृद्धी महामार्गावरून किंवा रात्रभर रेल्वेने मुंबई, मग विमानतळावरची वाट पाहणं. पायात गुठळी पूर्वी झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन किंवा बाळंतपण झालं असेल, तर घट्ट मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. शक्य असेल तर आदल्या दिवशी मुंबईला पोचून एक रात्र आडवं होऊन झोपा.

परतल्यावर

मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावर बंद करू नका, ठरलेल्या दिवसांपर्यंत चालू ठेवा. कावीळ-ए चा दुसरा डोस साधारण सहा महिन्यांनी असतो. तारीख आत्ताच मोबाइलमध्ये टाका. आफ्रिकेतून आल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना कोणत्या देशात, कधी होतात ते सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात ताप म्हटलं की व्हायरल किंवा डेंग्यू धरला जातो, आणि आफ्रिकेतला मलेरिया दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो.